सोलापुरात परवान्याचे शस्त्र घराबाहेर नेताना: नव्या परवानाधारकांसाठी मार्गदर्शक

शस्त्र परवाना मिळाला म्हणजे पिस्तूल किंवा बंदूक कोठेही, केव्हाही आणि कशीही नेता येते, असा समज सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात बराच रुजलेला आहे. कायद्याची मांडणी तशी नाही. परवान्याने शस्त्र जवळ ठेवण्याचा अधिकार मिळतो. पण ते घराबाहेर काढताना आजचा दिवस कोणता, जायचे ठिकाण कोणते आणि शस्त्र कशा स्थितीत आहे, या तीन गोष्टी दर वेळी नव्याने तपासाव्या लागतात. ज्यांना नुकताच परवाना मिळाला आहे, ज्यांच्याकडे वडिलांची बारा बोअरची बंदूक वारशाने आली आहे, जे पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगतात किंवा जे बदलीमुळे शस्त्रासह सोलापुरात राहायला आले आहेत, अशांसाठी ही तपासणी ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने पुढे सांगितली आहे.

पहिली पायरी: आपल्यावर अधिकार कोणाचा, हे ठरवून घ्या

या विषयातील मुख्य कायदा शस्त्र अधिनियम, १९५९ हा आहे. त्याखाली २०१६ साली नवे शस्त्र नियम झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. हे तिन्ही केंद्राचे असल्याने देशभर सारखेच लागू आहेत. त्यांच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे, आणि रोजच्या व्यवहारात परवानाधारकाचा संबंध बहुतेक वेळा याच कायद्याखालच्या आदेशांशी येतो.

सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे. ज्या क्षेत्रासाठी पोलीस आयुक्त नेमलेले आहेत, त्या क्षेत्रापुरता शस्त्र अधिनियमातील ‘जिल्हा दंडाधिकारी’ या संज्ञेचा अर्थ पोलीस आयुक्त असा होतो. त्यामुळे फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका अशा शहरातील पोलीस ठाण्यांच्या हद्दीत राहणाऱ्यांचे परवान्याचे काम आयुक्तालयात चालते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ, माढा, सांगोला, करमाळा, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांतील आणि आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या गावांतील रहिवाशांचे काम जिल्हाधिकारी कार्यालयात चालते. शस्त्रबंदीचे आदेशही असेच निरनिराळे निघतात. शहरातील आदेश आयुक्तांचा असतो आणि ग्रामीण भागातील आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा असतो. शहरात बंदी नाही म्हणून अक्कलकोटातही ती नसेल, असे धरून चालता येत नाही. एकाच प्रवासात दोन्ही हद्दी ओलांडल्या जात असतील, तर दोन्ही आदेश पाहावे लागतात.

दुसरी पायरी: परवाना अटींसह शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

परवान्यावरचे नाव आणि छायाचित्र पाहून बहुतेक जण पुस्तिका कपाटात ठेवून देतात. खरा मजकूर त्यापुढे असतो. शस्त्राचा प्रकार, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, शस्त्राचा क्रमांक, बाळगता येणाऱ्या काडतुसांची संख्या, परवाना लागू असलेले क्षेत्र, मुदत आणि अटी हे सर्व तेथे लिहिलेले असते. राष्ट्रीय माहितीसाठ्यातील आपला विशिष्ट ओळख क्रमांक, ज्याला सर्वत्र यूआयएन म्हणतात, तो परवान्यावर असल्याची खात्री करून घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. एखाद्या जुन्या घराण्यात तिसरी बंदूक अजून भिंतीवर टांगलेली असेल, तर ‘ती आजोबांची आहे’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

क्षेत्राचा रकाना सोलापूरकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण आपला जिल्हा राज्याच्या सीमेवर आहे. मंद्रूपवरून विजयपूरकडे जाताना भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. अक्कलकोटहून कलबुर्गीला जाणारा रस्ता तसाच आहे, आणि हैदराबादला जाणारी रेल्वेही कलबुर्गी, वाडी अशी कर्नाटकातूनच जाते. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर सीमेपलीकडे ते शस्त्र त्या परवान्याने वैध राहत नाही. नातेवाईक पलीकडच्या गावात आहेत, शेतीचा एक तुकडा तिकडे आहे किंवा व्यापारासाठी आठवड्याला जाणे होते, ही कारणे क्षेत्र वाढवून मागण्याच्या अर्जात लिहिता येतात. नाक्यावर पोलिसांना ती सांगून उपयोग होत नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्याचे क्षेत्र तर याहून मर्यादित असू शकते. शेतासाठी घेतलेली ठासणीची बंदूक बाजारच्या दिवशी गावात खांद्याला लावून नेणे हा परवान्याच्या हेतूचाच भंग ठरतो.

अटींमधील एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती सर्वांत कमी वाचली जाते. अधिकाऱ्याची खास परवानगी नसेल, तर परवानाधारकाने शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर सार्वजनिक मेळाव्यात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये, अशी ही अट आहे. ती लागू होण्यासाठी वेगळा बंदी आदेश निघावा लागत नाही. वर्षाचे बाराही महिने ती परवान्याबरोबरच चालत असते. संस्थेच्या संचालक मंडळावरील व्यक्ती कमरेला पिस्तूल लावून महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला आली, तर पद कोणतेही असले तरी ती अटीचा भंगच करते. परवान्याच्या अटीचा किंवा नियमाचा भंग झाल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याकडे आहेच.

तिसरी पायरी: आजच्या दिवशी मनाई आदेश आहे का, ते पाहा

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी ठरावीक काळापुरती शस्त्रबंदी लावू शकतात. वर्तमानपत्रात ‘शहरात ३७(१)(३) लागू’ अशी छोटी बातमी येते, ती याच आदेशाची असते. पहिल्या पोटकलमाखाली शस्त्रे व इतर घातक वस्तू नेण्यास बंदी घातली जाते आणि तिसऱ्या पोटकलमाखाली जमाव व मिरवणुकांना मनाई केली जाते. हे आदेश बहुधा एका वेळी पंधरा दिवसांचे असतात आणि परिस्थिती पाहून पुढचा आदेश पुन्हा निघतो. म्हणूनच महिन्यापूर्वी केलेली चौकशी आज कामाची नाही.

या कलमातील वस्तूंची यादी नवख्या माणसाने एकदा तरी वाचावी. तीत बंदुका, तलवारी, भाले, सोटे, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. दाहक व स्फोटक पदार्थ येतात. फेकण्यासाठी दगड गोळा करणेही येते. बंदूक परवान्याची आहे की बिनपरवान्याची, असा भेद ही यादी करत नाही. आदेशात ज्यांना स्पष्टपणे वगळले आहे, उदाहरणार्थ कर्तव्यावर असलेले शासकीय कर्मचारी, ते सोडून इतरांनी बंदीच्या काळात परवान्याचे शस्त्रही रस्त्यावर आणू नये. असे शस्त्र दिसल्यास कोणताही पोलीस अधिकारी ते काढून घेऊ शकतो. कलम ३७(१) च्या आदेशाचा भंग केल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होतो, आणि न्यायालयाने वेगळी कारणे नोंदवली नाहीत तर हा कारावास चार महिन्यांपेक्षा कमी नसतो.

सोलापुरात असे आदेश केव्हा अपेक्षित धरावेत, हे येथे काही वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. नव्याने आलेल्यांनी मात्र लक्षात घ्यावे, की मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक शहरातून निघते, अक्षता सोहळ्याला आणि होम मैदानावर लोकांचा महासागर लोटतो. आषाढी आणि कार्तिकीला पंढरपुरात राज्यभरातून आणि कर्नाटकातून वारकरी येतात. शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, गणेशोत्सव आणि नवरात्र या काळात शहरात मोठ्या मिरवणुका निघतात. या दिवसांत बंदी आदेश असेल असे गृहीत धरून शस्त्र घरी ठेवावे, हा माझा सरळ सल्ला आहे. तरीही ते बाहेर नेणे आवश्यकच असेल, तर आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा सूचनाफलक पाहावा, ठाणे अंमलदारांना विचारावे आणि आदेशाची तारीख व वेळ प्रत्यक्ष वाचावी, कारण आदेश दिवसाच्या ठरावीक वेळेपासून लागू होतो आणि ठरावीक वेळी संपतो.

याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली तातडीचे मनाई आदेश निघू शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी ज्याला ‘१४४ कलम’ म्हटले जाई, तीच ही तरतूद आहे.

चौथी पायरी: जायचे ठिकाण तपासा

सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ रस्ता किंवा बाग नव्हे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २४ब मध्ये या शब्दांचा जो अर्थ दिला आहे, त्यानुसार जनतेच्या किंवा तिच्या एखाद्या गटाच्या वापरासाठी असलेली अथवा तिला जाता येईल अशी कोणतीही जागा सार्वजनिक ठरते. हा अर्थ डोळ्यांपुढे ठेवला, तर बाजार समिती, एसटी स्थानक, पेट्रोल पंप, हॉटेल, रुग्णालय आणि भाड्याने घेतलेले मंगल कार्यालयसुद्धा त्यात येते. ‘कार्यालय आम्ही भाड्याने घेतले होते, ते आमचे खासगी होते’ हा युक्तिवाद यामुळे लंगडा पडतो.

मंदिर, मशीद, दर्गा, चर्च, गुरुद्वारा यांच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ याच्या कलम ४ नुसार धार्मिक संस्थेने किंवा तिच्या व्यवस्थापकाने शस्त्रे, दारूगोळा किंवा ते जवळ असलेली व्यक्ती आत येऊ देता कामा नये. शीख व्यक्तीची कृपाण आणि त्या संस्थेच्या रूढीप्रमाणे धार्मिक विधीचा भाग असलेली शस्त्रे यांना यातून सूट आहे. सिद्धेश्वर मंदिरात, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात किंवा अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्याने पिस्तूल गाडीतही न ठेवता घरीच ठेवावे. गाभाऱ्यापर्यंत कोणी अडवले नाही म्हणून प्रवेश कायदेशीर होत नाही, आणि अडचणीत केवळ दर्शनार्थी येत नाही, देवस्थानचे व्यवस्थापकही येतात.

मतदान केंद्राचा नियम फार कडक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४ब नुसार मतदानाच्या दिवशी केंद्राच्या परिसरात सशस्त्र जाणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोषी ठरल्यास शस्त्र जप्त होते आणि परवाना रद्द झाल्याचे मानले जाते. बंदोबस्तावरील पोलीस आणि निवडणूक अधिकारी यांना हे लागू नाही.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठिकाण माळढोक अभयारण्य आहे. बार्शी रस्त्यावरील नान्नज आणि आसपासच्या माळरानांवर माळढोकासाठी हे अभयारण्य झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. येथे अडचण अशी आहे, की अभयारण्याचे तुकडे शेतांच्या आणि गावरस्त्यांच्या मध्ये पसरलेले असतात, आणि बंदूक घेऊन एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना आपण अभयारण्याच्या जमिनीवर पाय ठेवला, हे अनेकदा लक्षातही येत नाही. शेताची हद्द आणि अभयारण्याची हद्द वन विभागाकडून एकदा नकाशावर समजून घ्यावी. त्याच अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या आत किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या परवानाधारकांनी आपल्या नावाची नोंदणी करायची असते, आणि या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. या पट्ट्यात पीकसंरक्षणाचा अर्ज करणाऱ्याने म्हणूनच वन विभागाची संमती लागणार, हे आधीच धरून चालावे. रानडुक्कर आणि काळवीट पिकांचे नुकसान करतात, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. पण बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राण्याला मारण्याची परवानगी नव्हे. ती स्वतंत्रपणे आणि वन्यजीव कायद्याखालीच मिळवावी लागते.

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून प्रवास करायचा असेल, तर शस्त्र किंवा काडतूस हातातील सामानात नेता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवून, परवाना दाखवून, शस्त्र रिकामे करून आणि घोषित करून ते नोंदणीच्या सामानात देण्याची पद्धत आहे. याच ठिकाणी अनेक प्रामाणिक माणसे एका काडतुसामुळे अडकतात. शेतावर नेलेली पिशवी प्रवासाला घेतली जाते, तिच्या कप्प्यात राहिलेले काडतूस क्ष-किरण तपासणीत दिसते आणि माणूस पोलीस ठाण्यात पोहोचतो. असे प्रकरण न्यायालयात गेल्यास ताबा जाणीवपूर्वक होता का, हा प्रश्न तपासला जातो, आणि जाणीव नव्हती हे पटल्यास सुटकाही होते. पण तोपर्यंतचा मनस्ताप टाळायचा असेल, तर काडतुसांसाठी एकच स्वतंत्र पेटी ठेवावी आणि दुसऱ्या कोणत्याही पिशवीत ती कधीही ठेवू नयेत.

पाचवी पायरी: शस्त्र कसे न्यायचे

दिवस मोकळा आहे, ठिकाणही वर्ज्य नाही, परवान्याचे क्षेत्रही पुरते आहे, अशा वेळी २०१६ च्या शस्त्र नियमांतील सार्वजनिक ठिकाणांविषयीची तरतूद लागू होते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या आवरणात असले पाहिजे. बंदूक किंवा रायफल तिच्यासाठी बनवलेल्या आवरणात असली पाहिजे. शस्त्र पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि ते नेणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असले पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी किंवा शस्त्रमुक्त म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात शस्त्र उगारणे, दाखवणे, त्यातून गोळी झाडणे किंवा केवळ आवाजाचे काडतूस उडवणे यास सक्त मनाई आहे.

झाकलेले याचा अर्थ लोकांना न दिसणारे असा घ्यावा. सदऱ्यावरून लावलेले, मूठ बाहेर डोकावणारे पिस्तूल ही आपल्याकडे प्रतिष्ठेची खूण मानली जाते, आणि नेमके हेच नियमाला मान्य नाही. मोटारीच्या डॅशबोर्डवर, सीटच्या फटीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेले शस्त्र नियंत्रणात आहे असे म्हणता येत नाही. शस्त्र गाडीत ठेवून चहाला उतरू नये, गाडी धुण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी देताना त्यात शस्त्र राहिले नाही याची खात्री करावी आणि वाहनतळावर चावी देण्यापूर्वी हीच गोष्ट पुन्हा पाहावी.

शस्त्र दुसऱ्याच्या हाती देण्याबाबत शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये छोटी, पण उपयोगी सवलत आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी, त्याच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुसरी व्यक्ती शस्त्र नेऊ शकते. तोंडी सांगून मुलाला किंवा चालकाला बंदूक घेऊन पाठवणे या सवलतीत बसत नाही. तसे केल्यास त्या मुलावर बिनपरवाना शस्त्राचा गुन्हा दाखल होऊ शकतो. बिनपरवाना अग्निशस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगल्यास किंवा नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१ब)(अ) खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. घरच्या माणसाला या कलमात अडकवण्यापेक्षा अधिकारपत्राच्या चार ओळी लिहिणे सोपे आहे. त्यात शस्त्राचा क्रमांक, परवाना क्रमांक, कारण, तारीख आणि आपली सही असावी, आणि परवान्याची प्रत सोबत द्यावी.

लग्न, वाढदिवस आणि मोबाइलमधील छायाचित्रे

वरातीत हवेत गोळीबार करण्याची रीत सोलापुरात सरसकट नाही. पण ती पाहून अनुकरण करणारे आता सर्वत्र भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. कलम २५(९) खाली निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळे, लग्नसमारंभ आणि इतर कार्यक्रम यांचा त्या कलमात नावानिशी उल्लेख आहे. कोणी जखमी झाले, तरच गुन्हा होतो असे नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवाच्या आसपास कच्च्या पत्र्याखाली झोपलेली मुले असतात, एवढे आठवले तरी चापावरचे बोट मागे यावे.

अग्निशस्त्र नसले म्हणजे मोकळे रान आहे, असेही नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र नियमांच्या अनुसूचीत वेगळ्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्रात तलवार किंवा कोयता घेऊन रस्त्यावर दहशत माजवणाऱ्यांवर शस्त्र अधिनियमाचे कलम ४ व २५ आणि पोलीस अधिनियमाचे कलम १३५ अन्वये गुन्हे दाखल होतात. तलवारीने केक कापल्याची छायाचित्रे आणि पिस्तुलासह काढलेल्या चित्रफिती पाहून पोलीस स्वतःहून कारवाई करतात. छायाचित्र घरात काढले असले, तरी शस्त्र कोणाचे, ते कोणाच्या हाती आहे आणि परवाना आहे का, हे प्रश्न उभे राहतातच. परवानाधारकाने आपले शस्त्र हौसेखातर मित्राच्या हाती देऊन छायाचित्र काढू दिले, तर तो आपल्याच परवान्याविरुद्ध पुरावा तयार करत असतो.

ऊसतोडीचा कोयता हे आपल्या जिल्ह्याचे रोजचे उदाहरण आहे. सकाळी फडाकडे निघालेल्या तोडणी कामगाराच्या हातातील कोयता शेतीचे अवजार आहे, आणि त्याला अडवण्याचे कारण नाही. तोच कोयता रात्री बाजारपेठेत दुचाकीवर शर्टाखाली लपवलेला सापडला, तर वेळ, ठिकाण आणि हेतू यांवरून त्याचे स्वरूप बदलते. बंदी आदेश लागू असताना तर नक्कीच बदलते. टोळीच्या मुकादमांनी शहरातून जाताना कोयते एकत्र बांधून ट्रॅक्टरमध्ये ठेवावेत आणि कामगारांना ते सुटे हातात घेऊन शहरात फिरू देऊ नये. खंडेनवमीला घरात तलवारीची पूजा होते, तिला कोणी हरकत घेत नाही. पूजेनंतर ती तलवार हाती घेऊन चौकात नाचणे मात्र वेगळी गोष्ट आहे.

एअरगनबद्दल थोडक्यात: ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून मोठी असेल तर लागतो. बंदी आदेशाच्या काळात परवान्याची गरज नसलेली एअरगनही रस्त्यावर आणू नये.

पोलिसांनी अडवले तर

शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार शस्त्र नेणाऱ्या व्यक्तीकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना दाखवता आला नाही, तर नाव-पत्ता विचारून आवश्यक वाटल्यास शस्त्र ताब्यात घेण्याचा अधिकार त्याला आहे. म्हणून शस्त्राबरोबर मूळ परवाना नेहमी असावा. नाकाबंदीत गाडी थांबवली, की दोन्ही हात दिसतील असे ठेवून, ‘साहेब, माझ्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे, ते अमुक बाजूला आहे’ असे प्रथम तोंडाने सांगावे आणि ते कसे तपासायचे हे त्यांच्या सूचनेवर सोपवावे. दाखवण्यासाठी शस्त्र स्वतःहून बाहेर काढू नये. अंधारात समोरच्या हवालदाराला ती हालचाल कशी दिसेल, याचा विचार करावा. शस्त्र ताब्यात घेतले गेल्यास जप्ती पंचनाम्याची किंवा पावतीची मागणी नम्रपणे करावी आणि शस्त्राचा क्रमांक तीत बरोबर लिहिला आहे का, हे तेथेच पाहावे. आदेशाचा अर्थ आपल्या मते वेगळा असेल, तर तो वाद रस्त्यावर घालू नये. परवाना निलंबित किंवा रद्द झाल्यास कलम १८ खाली अपील करता येते, आणि लेखी आदेशाची प्रत हाती असल्याशिवाय ते अपील नीट मांडता येत नाही.

स्वसंरक्षणाविषयी एवढेच सांगतो, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार आहे आणि तो धोक्याच्या प्रमाणाने बांधलेला आहे. गाडी घासली म्हणून झालेल्या भांडणात शस्त्र नुसते दाखवणेही या अधिकारात बसत नाही.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करणे

आचारसंहिता लागू झाली, की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा येऊ लागतात. प्रत्येकाने शस्त्र जमा करायचेच असते, असा समज दोन्ही बाजूंनी आढळतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती असते आणि ती परवान्यांचा आढावा घेते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातील दंगलीत, सहभागी असलेले अशांकडे तिचे प्रथम लक्ष असते. बँकांचे सुरक्षारक्षक आणि नेमबाजीचे खेळाडू यांना आवश्यकतेनुसार सूट मिळू शकते; ती हवी असल्यास नोटीस मिळताच लेखी अर्ज करावा, मुदत संपल्यावर तो करून उपयोग नाही.

नोटीस आली असेल, तर दिलेल्या मुदतीत शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावे. ते रिकामे करून न्यावे, काडतुसे वेगळी न्यावीत आणि पावतीवर शस्त्राचा प्रकार, क्रमांक, काडतुसांची संख्या व शस्त्राची स्थिती लिहून घ्यावी. नळीवर किंवा दस्त्यावर आधीचा ओरखडा असेल, तर तोही नोंदवून घ्यावा, म्हणजे परत घेताना वाद होत नाही. निकालानंतर पावती दाखवून शस्त्र परत घ्यावे. ते महिनोन्‌महिने ठाण्यातच पडू देऊ नये. जमा करण्याची नोटीस आलेली नसली, तरी या काळात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते, हे मात्र विसरू नये.

बदली, हरवणे आणि वारसा

दुसऱ्या जिल्ह्यातून सोलापुरात कायमचे किंवा दीर्घकाळासाठी राहायला आलेल्या परवानाधारकाने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्राधिकाऱ्यांना लेखी कळवावे. शहरात घर असेल तर आयुक्तालयात आणि तालुक्यात असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात जावे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी किमान दोन महिने करावा. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र घराबाहेर नेणे म्हणजे बिनपरवाना शस्त्र नेणेच होय. शस्त्र किंवा काडतूस हरवले किंवा चोरीस गेले, तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयात द्यावी.

परवानाधारकाचे निधन झाल्यावर घरातील मंडळी दुःखात असतात आणि बंदूक कपाटात तशीच राहते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवसापासून ती कोणाच्याच परवान्यावर नसते. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार असे शस्त्र अनावश्यक विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसांपैकी कोणी परवान्यासाठी अर्ज करणार असेल, तर इतर वारसांची लेखी ना-हरकत घ्यावी आणि मृत्यूचा दाखला व जमा पावती जोडून अर्ज करावा. परवाना मिळेपर्यंत शस्त्र जेथे जमा केले आहे तेथेच राहू द्यावे. जमा करण्यासाठी ते नेतानाही वारसाने आधी ठाण्यात फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन कळवावे आणि ठाण्याने सांगितल्याप्रमाणे, रिकामे व झाकलेले, सरळ घरून ठाण्यात न्यावे.